अम्मा घरात तमिळ बोलू लागली

कुंभकोणमला जी थोडी मराठी घरं उरली आहेत, तिथल्या मुलांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. जननीला बोलायला यायला लागलं तेव्हापासून हे कळत होतं. दारात भाजीवाली आली की तिच्याशी तमिळमध्ये घासाघीस करायची आणि मान वळवून आईला मराठीत सांगायचं, ‘अम्मा, ही लबाड आहे,’ हा तिचा लहानपणचा आवडता उद्योग. भाजीवाली हसायची. भाषा कळत नसली तरी सूर कळतो, हे त्या बाईला ठाऊक होतं. जननीला कळायला बराच काळ जायचा होता.

जननीचे वडील सुंदरराव विमा ऑफिसात नोकरीला. आपला मूळ पुरुष तंजावरच्या राजांच्या पदरी होता असं ते सांगत. नेमका काय करत होता ते त्यांना माहीत नव्हतं, पण त्यामुळे सांगण्यातली ऐट कमी होत नसे. आई कामाक्षी संध्याकाळी समोरच्या खोलीत आळीतल्या मुलांना हिंदीच्या परीक्षांसाठी शिकवी. बोलण्याची तिला भारी हौस, आणि घरच्या मराठीचा त्याहून भारी अभिमान. तिचं एकच दुःख होतं. तिचा धाकटा भाऊ कल्याणराम चेन्नईला राहायचा आणि त्याची पोरं आत्याला तमिळमध्ये उत्तरं द्यायची. दर सुट्टीत ती पोरं येऊन गेली की कामाक्षी दोन दिवस फुरंगटून बसे. आपल्यामागे ही भाषा जननीबरोबर संपणार, असं ती ज्याला त्याला सांगे.

म्हणून नववीत जननीनं शिवरंजनीला घरी आणलं तेव्हा कामाक्षीला आकाश ठेंगणं झालं. शिवरंजनी तमिळ मुलगी. नाच्चियारकोविलहून बसनं शाळेत यायची, वडील पितळी समया ओतायचे. सडपातळ, सावळी, फारसं न बोलणारी. ती घरात आली, चपला बाहेर काढल्या, आणि कामाक्षीला म्हणाली, “मावशी, मला उदीक पाहिजे.” तंजावरकडची जुनी माणसं पाण्याला उदीकच म्हणतात. कामाक्षीनं पाण्याबरोबर तिला लाडू दिला, दह्यात कालवलेली डांगर पचडी दिली, आणि संध्याकाळी जाईपर्यंत मराठीत बोलवून घेतलं. मैत्रिणीला आपली भाषा शिकवणारी मुलगी आपल्या पोटी आली, याचा तिला कोण आनंद.

भाषा का शिकवली होती, हे मात्र तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी जननीला तेव्हा सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळत होतं की शिवरंजनी शेजारी बसली की दिवस बरा जातो, आणि ती गैरहजर असली की फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नाही. वर्गातल्या मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून हिंडायच्या, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. या दोघींनी हात धरला की तो सोडवत नसे, एवढाच फरक. हा फरक आपल्याखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही असं त्यांना वाटत होतं.

चाळीस मुलींच्या वर्गात मनातलं बोलायला जागा कुठली? शाळेत भिंतींना कान, बसमध्ये ओळखीची माणसं, घरी आई. तेव्हा जननीनं आपल्या भाषेचीच खोली केली. डब्याच्या सुट्टीत भर गर्दीत बसून त्या मराठीत बोलायच्या आणि दार लावून बसल्यासारख्या निर्धास्त असायच्या. दोन मुलींच्या प्रेमाला तमिळमध्ये शब्द होते. काही वर्तमानपत्रातले होते, काही मुली भांडताना एकमेकींना चिकटवायच्या ते. घरच्या मराठीत याला नावच नव्हतं, शिवीसुद्धा नव्हती. त्यामुळे त्या भाषेत त्यांना लाज वाटत नसे. एकदा देवळात पुण्याच्या कुटुंबानं त्यांचं बोलणं ऐकलं आणि जुनं नाणं सापडावं तशी ती माणसं कौतुकानं हसली. आपण शिकलो ती एका घराची भाषा नाही, एवढं मोठं राज्य ती बोलतं, हे ऐकून शिवरंजनी जराशी नाराजच झाली होती.

इकडे घरात तिचं कौतुक मावत नव्हतं. नवरात्रात बाहुल्या मांडल्या की आलेल्या प्रत्येक बाईपुढे कामाक्षी तिला उभी करी. सुंदरराव तिला मरुदानल्लूरच्या मठात भजनाला घेऊन गेले, तिच्याकडून अभंग म्हणवला आणि परक्याची पोर बघा, म्हणून मेहुण्याच्या नावानं चार टोमणे मारून घेतले. ‘मुलींना जपायला पाहिजे’ हे कामाक्षीचं ब्रीद. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या पोरांवर तिची घारीसारखी नजर. जननी कुठे जाते, कुणाबरोबर येते, सगळं ती डोळ्यांत तेल घालून बघायची, आणि शिवरंजनी बरोबर आहे म्हटल्यावर निश्चिंत व्हायची. ती दारावर पहारा देत होती. प्रेम तिच्याच स्वयंपाकघरात बसून मराठीत ताक मागत होतं.

प्लस टूचं, म्हणजे बारावीचं वर्ष सुरू झालं आणि शिवरंजनी तापानं आजारी पडली. आठवड्यानं शाळेत आली तेव्हा पाण्याच्या नळांपाशी दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. वर्गातल्या कुणीतरी लपवून आणलेल्या फोनवर ते बोलणं टिपलं. वाईट हेतूही नसेल. या दोघी कुठल्या भाषेत काय कुजबुजतात याची वर्गात पैज लागली होती. ते रेकॉर्डिंग मुलींच्या ग्रुपवर फिरलं, तिथून एका आईच्या फोनवर, तिथून हेडमिस्ट्रेस मॅडमच्या टेबलावर. एक अक्षर कुणाला कळलं नव्हतं. पण त्या आवाजात काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं.

मॅडमनी कामाक्षीला बोलावून घेतलं. दोघी मुली भिंतीला टेकून उभ्या. मॅडम म्हणाल्या, शाळेत नको ते बोललं जातंय. दोघींत भलतंसलतं काही असेल तर दोघींनाही दाखला हातात देऊन घरी पाठवावं लागेल. ही भाषा तुमची, तेव्हा हे काय आहे ते तुम्हीच सांगा. मग त्यांनी फोनवर बोट ठेवलं.

खोलीत जननीचा आवाज घुमला. “तूं आली नाहींस तर मला भूकच लागत नाहीं. मला कोणाशीं लग्न नको. आपण दोघी एका घरांत राहूं. तूं म्हातारी झालीस, पाय दुखले, कीं मीच चेपीन.” मग शिवरंजनीचं हसणं, त्यातच एक हुंदका. मग नळाचं पाणी.

आपलं बोलणं आईच्या कानांवर पडताना बघणं, याहून वाईट शिक्षा जननीला माहीत नव्हती. कामाक्षीनं फोनकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं नाही. मग हिंदीच्या वर्गात उतारा समजावून सांगतात तशा शांत आवाजात तिनं मॅडमना तमिळमध्ये सांगितलं की, जननीच्या आत्याचे पाय फार दुखतात, ते चेपून द्यावे लागतात, जेवणही जात नाही, त्यामुळे पोरीला काही गोड लागत नाही. मॅडमनी विचारलं, मग ही दुसरी का रडते? कामाक्षी म्हणाली, ही आमच्या घरचीच आहे, तिचाही आत्यावर जीव आहे.

जननीची एकुलती एक आत्या तंजावरला होती आणि रोज पहाटे बृहदीश्वराला प्रदक्षिणा घालत होती. पण ते मॅडमना कोण सांगणार? त्यांनी थोडा वेळ कामाक्षीचा चेहरा निरखला आणि मुलींना वेगवेगळ्या तुकड्यांत बसवण्याचा हुकूम देऊन विषय मिटवला. जननीचा जीव भांड्यात पडला. आईनं वाचवलं. आई आपल्या बाजूची आहे.

रस्त्यावर आल्यावर तिनं हळूच हाक मारली. आई तमिळमध्ये म्हणाली, गप चाल. त्यात काही विशेष नव्हतं, रस्त्यावर तमिळच. घर आलं. चपला काढल्या. कामाक्षीनं आतून कडी घातली, वळली, आणि तमिळमध्ये म्हणाली, “युनिफॉर्म बदल आणि जेवून घे.” दूधवाल्याशी बोलतात तसं, नीट, सभ्य, राग न दाखवता. जननी तिथंच उभी राहिली. आईनं हात उगारला असता तरी तिला इतकं लागलं नसतं.

त्या दिवसापासून कामाक्षी मुलीशी मराठीत बोलेना. फोडणी देता देता नवऱ्याशी मराठीत आणि मान वळवून मुलीशी तमिळमध्ये. जननी मराठीत काही म्हणाली तर तिला ऐकूच यायचं नाही. पहिले काही दिवस जननीनं हट्ट धरला. भूक लागली, डोकं दुखतं, पेन सापडत नाही, जे सुचेल ते ती मराठीत बोलून पाही. आई पेन शोधून देई, पण तोंडातून शब्द काढत नसे. शेवटी जननी दमली आणि तमिळमध्ये उत्तरं देऊ लागली. न्हाणीघरात नळ सोडून ती एकटीच मराठीत पुटपुटायची, म्हणजे जिभेला सवय राहावी.

सुंदररावांना कशाचाच पत्ता नव्हता. हे काय चाललंय, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा कामाक्षी म्हणाली, बोर्डाचं वर्ष आहे, हिचं तमिळ कच्चं आहे. ते त्यांना पटलं. पण ती परक्याची पोर का येत नाही, हे ते दर आठवड्याला विचारत. मरुदानल्लूरची मंडळी तिची चौकशी करतात म्हणत. कामाक्षी म्हणे, अभ्यास असेल. नवऱ्याला सांगायचं धैर्य तिला झालं नाही, आणि दुसरं सांगण्यासारखं माणूस नव्हतं. तीही त्या घरात एकटीच पडली होती, पण हे सतरा वर्षांच्या पोरीला कसं दिसावं?

शाळेत तर मॅडमनी विषय मिटवला म्हणून मुलींनी थोडाच मिटवला. आत्याच्या पायांवर कुणाचा विश्वास बसला नव्हता. जननीला ‘रंजनीचा नवरा’ हे नाव पडलं. ती बाथरूमकडे निघाली की आतल्या मुली ओरडत बाहेर यायच्या. डबा खायला बसली की बाकावर आपोआप जागा व्हायची. एका बाईंनी, चांगल्या मनाच्या होत्या त्या, तिला बाजूला घेऊन समजावलं की हे वयाचं असतं, देवाचं नाव घे, निघून जाईल. जननीनं मान हलवली. मान हलवली की लोक लवकर सोडतात, एवढं तिला आता कळलं होतं.

ते नाव बसमधून नाच्चियारकोविललाही पोचलं. एक दिवस शिवरंजनीचे वडील शाळेत आले आणि तिचा दाखला मागून घेतला. तिला आडुतुरैला मामाकडे ठेवणार, तिथल्या शाळेत घालणार, असं ऑफिसातून कळलं. जननी वरच्या मजल्यावर वर्गात होती. खिडकीतून तिला मैदान दिसत होतं. वडिलांनी मनगट धरलेलं, शिवरंजनी खाली मान घालून चाललेली. घरी तिला काय सोसावं लागलं असेल ते तिच्या चालण्यावरून दिसत होतं. फाटकापाशी ती थांबली. वर न बघता, आयुष्यात कधी बोलली नसेल इतक्या मोठ्या आवाजात तिनं हाक घातली, “मी जेवीन गं. तूंही जेव.” सगळी शाळा खिडक्यांशी आली. कुणाला काही कळलं नाही. वडिलांनी तिचा हात ओढला आणि फाटक लागलं.

जननी त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली. आई वाढत होती, तिला नवल वाटलं असावं. जेवून झाल्यावर जननी मागच्या दारी गेली आणि सगळं ओकून आली.

दिवाळी झाली. चेन्नईहून कल्याणरामचा फोन येऊ लागला आणि कामाक्षी आतल्या खोलीत जाऊन बोलू लागली. एकदा जननीनं ऐकलं, परीक्षा झाली की लगेच, असं आई म्हणत होती. तिची पत्रिका मामाकडे गेली होती. कॉलेजचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. जननीला लग्नाची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती दुसरी होती. आई आपल्याला तमिळमध्येच लग्नाला उभी करील, तमिळमध्येच पाठवणी करील, आणि पुन्हा कधी आपली आई होणार नाही.

कार्तिकातल्या अमावास्येला कामाक्षी तिला तिरुविसनल्लूरला घेऊन गेली. तिथल्या मठात एक विहीर आहे. सांगतात की श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांच्या आधी एका भुकेलेल्या परजातीच्या माणसाला घरचा स्वयंपाक वाढला म्हणून तिथल्या सत्पुरुषाला गावानं वाळीत टाकलं, काशीला जाऊन गंगेत न्हाऊन ये म्हणाले. तर गंगाच त्याच्या परसातल्या विहिरीत आली. दरवर्षी त्या दिवशी ती येते, आणि पहाटेपासून लोक रांग लावून ते पाणी डोक्यावर घेतात. कशासाठी जायचं ते आईनं सांगितलं नव्हतं. न सांगताही जननीला कळलं होतं. आपल्यातलं काहीतरी धुऊन काढायला आपल्याला नेतायत.

रांग हळूहळू सरकत होती. कामाक्षी अधूनमधून तमिळमध्ये सूचना देत होती, टॉवेल धर, पुढे हो, पाय जपून टाक. विहिरीशी उभ्या माणसानं आधी जननीच्या डोक्यावर बादली रिकामी केली, मग आईच्या. पाणी बर्फासारखं गार होतं. आईनं हात जोडून डोळे मिटले आणि मागचे लोक पुढे ढकलू लागले तरी तिला हलवेना.

बाहेर येऊन दोघी मठाच्या ओट्यावर बसल्या. तोंडानं अभंग पुटपुटत कामाक्षी मुलीचे केस पुसत होती. शेजारी एक वयस्कर बाई ओली नऊवारी पिळत होत्या, त्यांनी मराठीत विचारलं, कुठल्या, कुणाच्या. त्यांचं नाव विशालाक्षी, राहायला मायिलाडुतुरैला. कामाक्षीनं मराठीत ओळख सांगितली. ही मुलगी, म्हणाली. मग जननीकडे वळून तमिळमध्ये, मान इकडे कर.

विशालाक्षीबाई हळहळल्या. “अगगं. येत नाहीं काय पोरीला आपलें? आमच्या नातवंडांचेंही तसेंच झालें. आमच्याबरोबर सरणार बघ हें.”

कामाक्षीचा हात थांबला. “येतें तिला,” ती म्हणाली. “चांगलें येतें. माझ्याहून चांगलें येतें.”

“मग तूं कां तिच्याशीं तमिळ बोलतेस?”

म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न. त्यात काही डंख नव्हता. उत्तराची वाट पाहून बाईंनी पिशवी उचलली आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. कामाक्षी टॉवेल हातात धरून बसून राहिली. जननी हलली नाही. मागं वळून बघितलं तर आई पुन्हा तमिळमध्ये बोलेल, असं तिला वाटलं.

“मी मागायला आलें होतें,” कामाक्षी म्हणाली, मराठीत. “हें तुझ्यांतून काढ म्हणून गंगेला सांगणार होतें. तेथें उभी राहिलें आणि मला बोलतांच आलें नाहीं.”

कामाक्षीनं टॉवेलची घडी घातली आणि पुन्हा मोडली.

“तूं तिला म्हटलेंस ना, म्हातारी झालीस कीं पाय चेपीन. तुझे अप्पा वाईट नाहींत. पण मला असें कोणी म्हटलें नाहीं. हें घाण आहे म्हणून मी स्वतःला किती सांगितलें, पण मला तें घाण वाटेना. मग मला तुझाच राग आला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “कल्याणला सांगतें, इतक्यांत पाहूं नको म्हणून. आधीं शीक. पुढचें मला कळत नाहीं. मला अजून कांहीं कळत नाहीं, तूं मला विचारूं नको.”

जननी काही विचारणार नव्हती. तिला रडू फुटलं होतं आणि ते आईला दिसू नये म्हणून तिनं ओले केस पुढे घेतले. आईनं ते पुन्हा मागे ओढले आणि पुसू लागली, जरा जास्तच जोरात, लहानपणी पुसायची तसे. अंगण माणसांनी भरत चाललं होतं. आत भजनाला टाळ लागले.

“जननी,” कामाक्षीनं विचारलं, “त्या पोरीशीं आतां आपलें कोण बोलत असेल गं?”

“कोणी नाहीं, अम्मा,” जननी म्हणाली.